सहा शनिवार, एक स्पीकर आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजी

मेलबर्नला वाढणाऱ्या माझ्या नातवाचे इंग्रजी मला फोनवर कळत नाही, आणि ते कळत नाही हे त्याच्या लक्षात येऊ नये म्हणून गेली दोन वर्षे मी "हो रे, हो का" एवढ्यावर भागवत आलो आहे. बँकेत ३१ वर्षे इंग्रजी पत्रव्यवहार केलेल्या माणसाला हे कबूल करणे जड जाते. म्हणून नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका इंग्रजी वर्गाने, ज्यांची मुले ऑस्ट्रेलियात आहेत अशा पालकांसाठी, चित्रपटांतून उच्चार ऐकण्याचा सहा शनिवारांचा उपक्रम सुरू केल्याचे शेजारच्या वहिनींकडून समजले तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी १,८०० रुपये भरून नाव नोंदवले. उपक्रम आता संपला आहे. पैसे वसूल झाले का, असे इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चार जणांनी विचारले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या मी सरांना समक्ष सांगितलेल्या आहेत.

उपक्रमाची कल्पना मला प्रथमदर्शनी विचित्र वाटली. कथा ऑस्ट्रेलियात घडते, पण प्रमुख नट किंवा नटी ऑस्ट्रेलियन नाही, असेच चित्रपट निवडलेले होते. काही पूर्ण दाखवले, काहींचे तुकडे. ऑस्ट्रेलियन उच्चार ऐकायचे तर ऑस्ट्रेलियन माणसाचेच का ऐकू नयेत, असे मी पहिल्याच दिवशी विचारले. सर काही वर्षे ॲडलेडला राहून आलेले आहेत. त्यांचे उत्तर असे की तिथला माणूस बोलताना निम्मे शब्द गिळतो, आणि बाहेरून आलेल्या नटाने मात्र एकेक स्वर घासूनपुसून शिकलेला असतो, त्यामुळे शिकणाऱ्याच्या कानाला तो आधी सापडतो. हे उत्तर अर्धेच खरे आहे असे माझे आजचे मत आहे, पण त्या अर्ध्या भागाचा मला उपयोग झाला.

सुरुवातीला एक पान वाटण्यात आले. ए. जी. मिचेल आणि आर्थर डेलब्रिज या अभ्यासकांनी १९६५ साली ऑस्ट्रेलियन उच्चारांचे तीन प्रकार सांगितले, ते त्यावर होते: ब्रॉड, जनरल आणि कल्टिव्हेटेड. सरांनी त्यांना ठसठशीत, मधला आणि घडवलेला अशी मराठी नावे तोंडी दिली, ती छापली असती तर बरे झाले असते, कारण पान सगळे इंग्रजीत होते आणि वर्गातल्या निम्म्या आज्यांनी त्याची घडी घालून पर्समध्ये ठेवली ती परत उघडली नाही. खरे काम फळ्यावर झाले. 'टुडे' हा शब्द ठसठशीत उच्चारात आपल्या कानाला जवळजवळ 'टुडाय' ऐकू येतो आणि 'मेट' हा 'माइट', हे सरांनी देवनागरीत लिहून दाखवले. ऑस्ट्रेलियन माणसाचा 'फिश' आपल्याला 'फीश'कडे झुकलेला वाटतो, तर न्यूझीलंडच्या माणसाचा 'फश'कडे, हे ऐकल्यावर मागच्या बाकावरच्या एक आजी एकदम म्हणाल्या, "म्हणजे आमचा जावई न्यूझीलंडचाच आहे की! चार वर्षं झाली, मला वाटायचं त्याला दातांचा त्रास आहे." त्या दिवशीची फी तिथेच वसूल झाली.

पहिल्या शनिवारी जुने चित्रपट होते. 'ऑन द बीच' हा १९५९ चा चित्रपट, अणुयुद्धानंतर मेलबर्नमध्ये अखेरच्या दिवसांची वाट पाहणाऱ्या माणसांचा. त्यात ग्रेगरी पेक अमेरिकन नौदल अधिकारीच आहे, त्यामुळे त्याचा प्रश्न येत नाही. पण अँथनी पर्किन्स हा न्यूयॉर्कचा नट ऑस्ट्रेलियन नौदल अधिकारी झाला आहे आणि त्याचा उच्चार वाक्यागणिक वळण बदलतो. एव्हा गार्डनर मेलबर्नची स्त्री झाली असूनही तसा प्रयत्न करताना मला कुठेच ऐकू आली नाही. त्या काळी हॉलिवूडला त्याची गरज वाटत नसावी, कारण तारे पाहायला लोक येत होते आणि ऑस्ट्रेलिया ही मागची भिंत होती. सरांनी पर्किन्सला दहापैकी ३ गुण दिले, गार्डनरला शून्य. हे गुण देण्याचे प्रकरण पुढे सहाही शनिवार चालले आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे, तिच्याकडे मी येणारच आहे.

त्याच दिवशी 'द सनडाउनर्स' (१९६०) चा मोठा भाग पाहिला. रॉबर्ट मिचम हा अमेरिकन नट, बिऱ्हाड पाठीवर घेऊन मेंढ्यांचे कळप हाकणारा आणि लोकर कातरणारा पॅडी कारमोडी झाला आहे, आणि त्याच्या उच्चाराची तेव्हाही तारीफ झाली होती. मला कारण असे वाटले की तो उच्चार करून दाखवत नाही. तो आळसावलेला बोलतो, आणि तो आळस त्या माणसाच्या अंगात मुरलेला आहे. डेबोरा कर ही स्कॉटलंडमध्ये जन्मलेली नटी त्याची बायको. चित्रपटात एक प्रसंग आहे: धुळीने माखलेली ही बाई स्टेशनवर उभी आहे, समोरच्या गाडीच्या डब्यात एक नीटनेटकी स्त्री बसून तोंडाला पावडर लावते आहे, आणि दोघी क्षणभर एकमेकींकडे पाहतात. शब्द एकही नाही. सरांनी नेमका हाच प्रसंग पुढे पळवला. "इथे ऐकण्यासारखं काही नाही," असे ते म्हणाले. मी तो घरी येऊन पुन्हा पाहिला. आयुष्यभर घर नसलेल्या बाईच्या बोलण्यात जो थकवा डेबोरा कर पुढे आणते, तो या प्रसंगातून येतो, आणि हा प्रसंग गाळून तिचे उच्चार ऐकणे म्हणजे फोडणी वगळून आमटीची चव सांगण्यासारखे आहे.

दुसरा शनिवार हा या उपक्रमाचा सर्वोत्तम दिवस होता आणि त्यासाठी मी सरांना मनापासून दाद देतो. चित्रपट होता फ्रेड शेपिसी यांचा, १९८८ चा. ऑस्ट्रेलियात तो 'इव्हिल एंजल्स' या नावाने आणि बाहेर 'अ क्राय इन द डार्क' या नावाने लागला. ऑगस्ट १९८० मध्ये उलुरूच्या, म्हणजे तेव्हाच्या एअर्स रॉकच्या पायथ्याशी तंबूतून लिंडी चेंबरलेन यांची तान्ही मुलगी अझारिया नाहीशी झाली. डिंगो या रानकुत्र्याने तिला नेले असे आई सांगत राहिली. लोकांनी विश्वास ठेवला नाही, १९८२ मध्ये न्यायालयाने आईलाच खुनी ठरवून जन्मठेप दिली. १९८६ मध्ये बाळाचे जाकीट सापडल्यावर ती सुटली, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि डिंगोनेच बाळ नेले हे अधिकृतपणे नोंदवले जायला २०१२ साल उजाडले. लिंडीची भूमिका मेरिल स्ट्रीप या अमेरिकन अभिनेत्रीने केली आणि १९८९ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान मिळाला.

सरांनी चित्रपटाआधी एकच गोष्ट सांगितली, ती फार महत्त्वाची होती. लिंडी यांचा जन्म न्यूझीलंडमधल्या व्हाकाटाने गावचा, अगदी लहानपणी त्या ऑस्ट्रेलियात आल्या. त्यामुळे स्ट्रीपने नुसता ऑस्ट्रेलियन उच्चार घेतलेला नाही, त्यात न्यूझीलंडची छटा मिसळलेली आहे. मग सरांनी तंबूजवळचे दोन मिनिटांचे दृश्य लावले, थांबवले, पुन्हा लावले. पहिल्या वेळी मला फक्त किंकाळी ऐकू आली. दुसऱ्या वेळी स्वर ऐकू आले. तिसऱ्या वेळी एक बारीकशी गोष्ट लक्षात आली: घाबरलेली असताना तिचे स्वर चपटे आणि आखूड होतात, आणि न्यायालयात साक्ष देताना तीच बाई तोंड आवळून, जवळजवळ शिकवल्यासारखी बोलते. आई रडत नाही, म्हणून लोकांनी तिला कठोर ठरवले. स्ट्रीपने तो कठोरपणा आवाजात ठेवला आहे आणि त्याच्या खाली काय आहे हेही ऐकू येऊ दिले आहे.

या चित्रपटातले डिंगोविषयीचे वाक्य पुढे जगभर नक्कल करून विनोदासाठी वापरले गेले, तेही मोडतोड करून. मूळ वाक्यात डिंगोने बाळ 'नेले' आहे, नकलेत ते 'खाल्ले' झाले. ज्या वाक्यावर एका आईचे आयुष्य टांगले होते, ते लोकांच्या तोंडी उच्चाराची गंमत म्हणून राहिले.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते विषयाबाहेरचे नाही. माझी आई सटाण्याची. घरात ती अहिराणी बोलायची. आज मालिकांमध्ये अहिराणी किंवा खानदेशी बोलणारे पात्र आले की ते हमखास विनोदी असते, आणि मुंबईचा नट दर वाक्याला 'भो' लावून मोकळा होतो. आमची आई अहिराणीत रागवायची, हिशेब करायची, मेलेल्या भावासाठी रडायची, आणि तहसील कचेरीत गेली की पदर सावरून पूर्ण वेगळी मराठी बोलायची. ती दुसरी मराठी ऐकल्याशिवाय पहिली कळत नाही. स्ट्रीपची न्यायालयातली लिंडी पाहताना मला सटाण्याची कचेरी आठवली. उच्चार बरोबर आहे की चूक, यापेक्षा हे माणूस कुठून आले आणि आत्ता कोणासमोर उभे आहे, हे नटाला माहीत आहे का, हा प्रश्न मोठा आहे. सरांनी त्या दिवशी हाच प्रश्न विचारला होता. आणि मग शेवटी स्ट्रीपला दहापैकी ९ दिले. एक गुण कशासाठी कापला, असे विचारल्यावर "न्यूझीलंड थोडं जास्त झालं" असे उत्तर आले. ज्या गोष्टीसाठी गुण द्यायचे तिच्यासाठीच कापले!

तिसरा शनिवार छोटा, पण मजेचा. १९७९ चा 'मॅड मॅक्स' ऑस्ट्रेलियातच, ऑस्ट्रेलियन मंडळींनी केला. नायक मेल गिब्सन जन्माने न्यूयॉर्क राज्यातला, पण वयाच्या बाराव्या वर्षापासून ऑस्ट्रेलियात वाढलेला. अमेरिकेत चित्रपट लावताना तिथल्या वितरकांना वाटले की हे बोलणे आपल्या प्रेक्षकांना कळणार नाही, म्हणून गिब्सनसकट जवळजवळ सगळ्यांवर अमेरिकन आवाज चढवण्यात आले. शब्दही बदलले, 'विंडस्क्रीन'चे 'विंडशील्ड' झाले. सरांकडे दोन्ही आवाज असलेली डीव्हीडी आहे आणि त्यांनी एकच प्रसंग दोन्ही आवाजांत ऐकवला. अमेरिकन आवाजातले पात्र कोणत्याही देशाच्या कोणत्याही रस्त्यावर गाडी चालवू शकले असते. मूळ आवाज लावला आणि रस्ता ऑस्ट्रेलियाचा झाला. दक्षिणेचे चित्रपट हिंदी आवाजात पाहण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की हे नुकसान आपण मोजतच नाही.

चौथ्या शनिवारी सरांनी उलट बाजू दाखवली, म्हणजे परदेशी नटाने परदेशीच राहावे अशा कथा. 'क्विग्ली डाउन अंडर' (१९९०) मधला टॉम सेलेक अमेरिकन नेमबाज आहे आणि ॲलन रिकमन हा इंग्रज नट जमीनदार. 'द प्रपोझिशन' (२००५) मध्ये रे विन्स्टन हा लंडनचा नट १८८० च्या दशकातला इंग्रज पोलीस अधिकारी म्हणून त्याच्याच बोलीत बोलतो, आणि त्या लाल मातीत त्याचा आवाज जितका परका वाटतो तितके त्याचे दुखणे खोल जाते. तिथे सगळ्यांनी एकसारखे ऑस्ट्रेलियन बोलावे ही अपेक्षाच इतिहासाला धरून नाही, कारण तेव्हा पुष्कळ माणसे बाहेरून बोटीने आलेली असत. आयरिश वंशाच्या ऑस्ट्रेलियन दरोडेखोरावरच्या १९७० च्या 'नेड केली' मध्ये मिक जॅगर या इंग्रज रॉक गायकाने आयरिश वळण घेण्याचा प्रयत्न केला तो याच समजुतीने. समजूत योग्य होती, जॅगर मात्र शेवटपर्यंत जॅगरच वाटतो. यावर वर्गात फार वेळ गेला नाही, आणि तो न गेला तेच बरे.

पाचव्या शनिवारी केट विन्स्लेट. 'द ड्रेसमेकर' (२०१५) मध्ये ती १९५१ साली पॅरिसहून शिवणयंत्र घेऊन आपल्या धुळकट गावी परतते. विन्स्लेट इंग्लंडची असूनही तिचा उच्चार मधल्या प्रकारचा, कडा घासलेला आहे, आणि तिची आई झालेली जुडी डेव्हिस, जी खरोखरच पर्थची आहे, ती ठसठशीत बोलते. आई आणि मुलीच्या बोलण्यातली दरी हीच त्या कथेतली वर्षे आहेत. इथे सर गुणांच्या नादात हे बोललेच नाहीत. विन्स्लेटला ८, विषय संपला. मी हात वर करून हे सांगितले तेव्हा "काका, परीक्षेत हे विचारत नाहीत" असे ते हसत म्हणाले. आमच्यापैकी एकालाही परीक्षा द्यायची नव्हती.

शेवटचा चित्रपट 'लायन' (२०१६), आणि नाशिककराने तो याच एका कारणासाठी पाहावा की कथेतला मुलगा ज्या लोहमार्गावर हरवतो तो आपल्या नाशिकरोडवरूनच पुढे जातो. भुसावळ ओलांडले की बऱ्हाणपूर, मग खांडवा. खांडव्याचा पाच वर्षांचा सरू १९८६ मध्ये भावाबरोबर बऱ्हाणपूरला उतरतो, रिकाम्या गाडीत झोपतो आणि थेट कलकत्त्याला पोहोचतो. पुढे तो तास्मानियातल्या होबार्टच्या ब्रायर्ली दांपत्याकडे दत्तक जातो आणि २५ वर्षांनी संगणकावर उपग्रहाच्या नकाशातून आपले गाव शोधून काढतो. मोठा सरू झाला आहे देव पटेल, लंडनमध्ये वाढलेला गुजराती मुलगा. या भूमिकेसाठी त्याला बाफ्टा हे ब्रिटिश चित्रपट पारितोषिक मिळाले आणि ऑस्करचे नामांकनही.

देव पटेलचे इंग्रजी ऐकताना मी प्रथमच चित्रपट विसरून नातवाचा विचार केला. हुबेहूब तेच बोलणे, प्रश्न नसतानाही वाक्याच्या शेवटी वर चढणारा तोच सूर. मेलबर्नला शिकायला गेलेला सरू भारतीय विद्यार्थ्यांच्या घरी जेवायला बसतो, त्यांच्यात तो दिसायला एक आणि बोलायला दुसराच असतो, आणि मग ताटातली जिलबी त्याला तिच्या वासासकट मागे खेचून नेते. पण उच्चारांच्या दृष्टीने या कथेतली सर्वांत मोठी गोष्ट ही नाहीच. हरवलेल्या पोराला आपल्या वस्तीचे नाव 'गणेस्तले' एवढेच सांगता येते. ती गणेश तलाई. नकाशावर 'गणेस्तले' कोणालाच सापडत नाही. त्याचे स्वतःचे नावही त्याने चुकीचेच सांगितलेले असते, तो सरू नसून शेरू, म्हणजे सिंह. चित्रपटाचे नाव तिथून आले. एका पाच वर्षांच्या पोराच्या दोन उच्चारांवर ही पंचवीस वर्षे उभी आहेत, आणि ज्या वर्गाचा विषयच उच्चार होता तिथे यावर दोन मिनिटेही चर्चा झाली नाही, कारण गुण देव पटेलला द्यायचे होते. ७.

चर्चा झाली ती वेगळ्याच कारणाने. रावेरकडचे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सर, तुम्ही लंडनच्या पोराला पकडताय, पण खांडव्याची ती आई निमाडी का बोलत नाही? बऱ्हाणपूर आमच्या शेजारी आहे. दगड फोडणारी बाई असं हिंदी बोलत नाही." वर्ग शांत झाला. मी चित्रपट दोनदा पाहिला होता आणि हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. अडीच तास आम्ही साहेबाच्या स्वरांचा कीस काढत होतो आणि आपल्या मुलखातल्या बाईच्या तोंडी पाठ्यपुस्तकातली हिंदी निमूट चालवून घेत होतो. सरांनी त्यांना चहा पाजला.

आता सेवेविषयी. खोलीत ३० खुर्च्या, माणसे ३८, त्यामुळे उशिरा येणाऱ्यांना परीक्षेच्या अरुंद बाकांवर बसावे लागले. आवाजासाठी प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवलेला एकच स्पीकर, आणि त्याच्या डोक्यावर कुरकुरणारा पंखा. उच्चारांच्या वर्गात ही काटकसर समजत नाही. मागच्या दोन रांगांना 'टुडे' आणि 'टुडाय' यांतला फरक ऐकू येणे अशक्य होते. सबटायटल सतत चालू ठेवली होती. डोळा वाचतो तेव्हा कान झोपतो, हे सांगूनही ती बंद झाली नाहीत, कारण काहींनी पैसे परत मागण्याची भीती होती. चौथा शनिवार आदल्या रात्री मेसेज टाकून एक आठवडा पुढे ढकलला. चहा मात्र वेळेवर आणि आल्याचा होता.

चित्रपटांच्या यादीविषयी एक सूचना मी लेखी दिली आहे. 'निट्रॅम' (२०२१) यात असायला हवा होता. तास्मानियातल्या पोर्ट आर्थरला १९९६ मध्ये एका तरुणाने ३५ माणसे मारली, त्या तरुणाच्या आधीच्या दिवसांची ही कथा आहे, आणि हत्याकांड पडद्यावर दाखवलेले नाही. केलेब लँड्री जोन्स हा टेक्सासचा नट त्यात उपनगरी ऑस्ट्रेलियन बोलतो आणि कान महोत्सवात त्यालाही पारितोषिक मिळाले. विषय जड आहे, पालकांना झेपणार नाही, असे सरांचे म्हणणे पडले. आमच्यातले सर्वांत लहान पालक ५८ वर्षांचे होते.

फी रास्त आहे. जायचे असेल तर पावणेचारला पोहोचून उजवीकडची दुसरी रांग धरा, तिथे स्पीकर समोर येतो आणि पंखा मागे राहतो. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होते. सबटायटल निम्म्या वेळ बंद ठेवू आणि दुसरा स्पीकर आणू, असे सरांनी मला सांगितले आहे. तोंडी सांगितले आहे, लेखी नाही.